एका रात्रीत विसरलेली भाषा

१

"बाई, तुमची लाडकी शाळा बुडाली," असं म्हणत संचालक आत आले आणि समोरच्या खुर्चीत धपकन बसले.

मापाडीबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. त्यांचं खरं नाव वेगळंच होतं, पण भाषामापन विभागात त्या नावाने कुणी हाक मारली असती, तर ही नवी बाई कोण म्हणून त्यांनीच मागे वळून पाहिलं असतं. बाजारात मापाडी धान्य मापतो, तशा या मुलांच्या जिभेवरची परकी भाषा मापायच्या. दर काही वर्षांनी विभाग शाळाशाळांतून चाचणी घ्यायचा. मुलांना ऐकलेलं किती कळतं, वाचलेलं किती कळतं आणि तोंड उघडून किती बोलता येतं, एवढंच बघायचं. त्यात कुणी पास नाही, कुणी नापास नाही. पण त्या आकड्यांवरून वरची मंडळी ठरवायची, की भाषा कितवीपासून शिकवायची, शिक्षक कुठे द्यायचे आणि कुठली योजना गुंडाळायची.

"कुठली शाळा?" बाईंनी विचारलं.

"पुलापलीकडची. आठवीचा वर्ग. सगळ्या शाळांत तळाला. तळाला म्हणजे, त्यांच्या खाली नुसती जमीन आहे."

बाईंच्या हातातला चहा हातातच राहिला. पुलापलीकडची शाळा म्हणजे बोलक्या शिक्षकांच्या योजनेचा दाखवायचा दागिना होता. नेहमीचे मास्तर व्याकरण शिकवत, आणि जोडीला फक्त बोलायला शिकवणारी एक वेगळी बाई दिलेली. मागच्या वर्षी संचालक स्वतः त्या वर्गात गेले होते. मुलांनी परक्या भाषेत त्यांना प्रश्न विचारून इतकं भंडावून सोडलं होतं, की शेवटी संचालकांचेच शब्द संपले होते.

"ती मुलं तळाला?"

"आहेत खरी. शुक्रवारी बैठक आहे. ज्या शाळेवर सगळी भिस्त होती, तिथेच असा उजेड पडला म्हटल्यावर योजना बंद करा असंच सगळे म्हणणार. आणि मजा बघा, निकाल चांगला आला असता तर नव्या नियमाप्रमाणे तिथल्या बाईंना आपण एखाद्या कच्च्या शाळेत हलवणार होतो. आता हलवायलाच नको. सगळ्याच बोलक्या शिक्षकांना घरी बसवू."

मापाडीबाई पडद्यावरचे आकडे वाचत होत्या. वाचता वाचता त्या एकदम सरळ बसल्या.

"साहेब, मुलांना भाषा येत नाही म्हणून इतके कमी गुण पडणं शक्यच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे या वर्गात काहीतरी झालंय. शुक्रवारपर्यंत मला मोकळं सोडा."

२

बाईंनी पहिला संशय घेतला तो यंत्रावर. माणसावर संशय घेण्याआधी यंत्रावर घ्यावा, कारण यंत्र तोंड फुगवून बसत नाही. त्याऐवजी यंत्रवाला मात्र बसला.

मुलांना टॅब वाटणारा, कानाला हेडफोन लावून देणारा हा तरुण विभागातला सगळ्यात नीटनेटका माणूस होता. त्याच्या टेबलावर वायरीसुद्धा वेण्या घालून ठेवलेल्या असत.

"बरोबर उत्तरांचा तक्ता एका घराने सरकला असेल का?" बाईंनी विचारलं. "म्हणजे पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर लागलं, असं काही?"

"बाई, तेच टॅब आणि तोच तक्ता घेऊन मी त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या शाळेत गेलो होतो. तिथली मुलं नेहमीसारखी आली. सरकला असता तर तिथेही सरकला असता."

"रागावू नकोस. मला फक्त शंकेचं ते एक दार बंद करून घ्यायचं होतं. आता हे बघ. ऐकण्याच्या भागात प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं. ज्याला ओ की ठो कळत नाही असा पोरगा डोळे मिटून कुठेही बोट लावील, तरी त्याची साधारण पाव उत्तरं बरोबर येतील. आपोआप. या मुलांची जवळजवळ एकही आलेली नाही."

यंत्रवाल्याने मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं.

"सगळं चुकवायचं," बाई म्हणाल्या, "तर आधी बरोबर कुठलं ते कळावं लागतं. मग ते सोडून दुसऱ्यावर बोट ठेवायचं. हा वर्ग विसरलेला नाही. हा वर्ग मुद्दाम पडलाय."

"आणि मजेत पडलाय," यंत्रवाला हळूच म्हणाला. त्याने एक प्रश्न लावला. दुकानात शिरलेली एक बाई पावसापासून बचाव करणारी वस्तू मागत होती. चार चित्रं होती: छत्री, टोपी, पाव आणि बैल. वर्गातल्या बहुतेक मुलांनी तिच्या हातात बैल दिला होता.

बाईंना हसू आवरेना. हसून झाल्यावर त्यांनी हेडफोन चढवला आणि बोलण्याच्या भागातली पहिली ध्वनिफीत ऐकली. एक मुलगा परक्या भाषेत सांगत होता: "काल मी बाजारात जाईन. मला आधी कळलं असतं तर मी आईलाही घेऊन गेलो असतो."

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "काल आणि जाईन, ही चूक पहिल्या महिन्यातलं पोरही करत नाही. आणि पुढचं 'कळलं असतं तर गेलो असतो' हे वाक्य रचताना मोठ्यांना घाम फुटतो. ते याने झोपेत बोलल्यासारखं म्हटलं."

मग त्यांनी सगळ्या वर्गाचे गुण खालून वर पाहिले. पाहता पाहता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. तीसेक मुलांच्या त्या गाळात एकच मुलगी डोकं वर काढून होती. तिचे गुण उत्तम होते. आणि तिच्याच आडनावाची, तिच्याच जन्मतारखेची दुसरी मुलगी अगदी तळाला होती.

"जुळ्या," बाई पुटपुटल्या. "घर एक, शाळा एक, बाई एक. एकीला भाषा येते आणि एकीला बैल दिसतो."

त्यांनी पर्स उचलली.

३

शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे कायम दोन कामं अर्धी करून तिसऱ्याकडे निघालेल्या. त्यांनी मापाडीबाईंना खुर्ची दिली, पण त्या खुर्चीवर आधीच फायलींचा ढीग होता. तो उचलायला त्या वाकल्या आणि वाकलेल्या अवस्थेतच बोलू लागल्या.

"मला तर तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मला स्वतःला त्या भाषेतलं 'पाणी द्या' एवढंच येतं, त्यामुळे मी काय बोलणार? पण बोलायला शिकवणाऱ्या आमच्या ताईसारखी शिक्षिका नाही हो मिळायची. मुलांचा नुसता जीव आहे तिच्यावर."

"सगळ्यांचाच?"

"मुलांचा. शिक्षकांचं म्हणाल तर पूर्णविराम सरांशी तिचं पटत नाही."

"पूर्णविराम?"

"मुलांनी ठेवलेलं नाव. व्याकरणाचे मास्तर. पोराने तोंड उघडलं की चूक दाखवून वाक्य तिथेच बंद पाडतात. ताई आली तेव्हा भर बैठकीत म्हणाले, गप्पा मारून भाषा येत असती तर पोपट पंडित झाले असते. तेव्हापासून दोघं शिक्षकांच्या खोलीत दोन टोकांना बसतात."

"आमच्या विभागाची परिपत्रकं मिळतात ना तुम्हाला? बदल्यांचे नवे नियम वगैरे?"

मुख्याध्यापिका ओशाळल्या. "येतात. आम्ही फलकावर लावतो. खरं सांगू? ती सबंध वाचणारा एकच माणूस आहे, पूर्णविराम सर. तेही तुमच्या चुका काढायला."

ताई तिशीची होती, गळ्यात मोठा रंगीत रुमाल. वडिलांच्या नोकरीपायी ती लहानपणी त्या परक्या देशात, समुद्रकाठच्या एका गावात वाढली होती. त्या गावची माणसं वाक्याचा शेवट जरासा वर उचलतात, जणू प्रत्येक वाक्य एक पायरी चढून थांबतंय. ताईचं बोलणंही तसंच होतं. मापाडीबाईंच्या कानाला ते गोड लागलं.

"मी काय चुकले तेच कळत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "चाचणीच्या आदल्या दिवशी मी इथे नव्हतेसुद्धा. मला प्रशिक्षणाला बोलावलं होतं."

"मग तुमचा तास कुणी घेतला?"

"कुणास ठाऊक. मुलं सांगत नाहीत. विचारलं की खाली बघतात."

"मुलांनी भलत्या चुका केल्यात. भूतकाळ कुठे, लिंग कुठे. हे धडे तुम्ही घेतले होते का?"

ताई कसनुशी हसली. "धडे मला विचारू नका. मी ती भाषा खेळत खेळत शिकले. चूक झाली तर कानाला खटकते. पण ती कुठल्या नियमाची, ते मला आजही सांगता येत नाही. त्यासाठी सर आहेत."

सर शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी वह्या तपासत होते. निवृत्तीला आलेले, काटकोनात बसणारे, शर्टाचं वरचं बटण लावलेले. मापाडीबाईंनी निकालाचा विषय काढताच ते म्हणाले, "मला आश्चर्य वाटलं नाही. पाया नसताना गच्ची बांधली की दुसरं काय होणार."

"मग ताईंना इथून हलवलं तर तुमची हरकत नसेल?"

सरांचा लाल पेन वहीवर थांबला. "तो तुमच्या विभागाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. मग घड्याळाकडे बघून उठले आणि बाईंना त्या परक्या भाषेतच निरोप दिला. मोजके दोन शब्द, अगदी शुद्ध. बाईंनीही त्याच भाषेत निरोप घेतला. दारापर्यंत आल्यावर त्यांना वाटलं, त्या दोन शब्दांत काहीतरी वावगं होतं. काय ते मात्र चटकन सापडेना.

जुळ्या बहिणी आवारातल्या एकाच बाकावर बसल्या होत्या, पण एकमेकींकडे पाठ करून.

"आम्ही बोलत नाही," धाकटी म्हणाली. "तिने माझी सायकल न विचारता नेली आणि चाकाचा पापड करून आणला. तेव्हापासून."

"चाचणीच्या आधीपासून?"

"आधीपासून. आदल्या दिवशी मला ताप होता. मी घरीच होते. हिने शाळेतलं काही म्हणता काही सांगितलं नाही मला."

मापाडीबाई बाकाला वळसा घालून थोरलीसमोर गेल्या. "तू सांगशील का मला? काल परवाचं नाही, त्या आदल्या दिवशीचं. ताई नव्हत्या तेव्हा तुमचा तास कुणी घेतला?"

थोरलीने ओठ घट्ट मिटले, मग उघडले. "आम्ही शब्द दिलाय."

"कुणाला?"

तेवढ्यात घंटा झाली आणि दोन्ही बहिणी दोन दिशांनी पळाल्या.

४

घरी परतल्या तेव्हा उन्हं अजून गॅलरीत होती. यजमान आणि सासूबाई तिथे पत्ते खेळत बसले होते. यजमान दातांचे डॉक्टर, हाताने कुशल, डोक्यानेही. तरी सासूबाईंच्या पुढ्यात जिंकलेल्या पानांची चळत आणि यांच्या पुढ्यात काही नाही.

मापाडीबाई मागे उभ्या राहून बघू लागल्या. यजमानांच्या हातात हुकमाची राणी होती. त्यांनी ती दाबून ठेवली आणि एक फालतू दुर्री टाकली. सासूबाईंनी खुशीत पान उचललं.

"दातांत बरा आहेस, पत्त्यांत तुझं काही खरं नाही," असं म्हणून त्या पाणी प्यायला आत गेल्या.

"अहो, राणी होती की तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "का हरता असे?"

"अगं, आई हरली की उठून खोलीत जाते आणि दार लावून घेते. जिंकत असली की तासभर इथे बसते, गप्पा मारते. मला पत्ते थोडेच खेळायचेत. मला ती बसायला हवी असते."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "पुन्हा म्हणा."

"काय?"

"शेवटचं."

"मला ती बसायला हवी असते."

बाई चपला न काढताच खुर्चीत टेकल्या. माणूस राहावं म्हणून हरायचं. संचालक काय म्हणाले होते? निकाल चांगला आला असता, तर तिथल्या बाईंना आपण हलवणार होतो. मुलांनी चाचणी बुडवली ती ताई शाळेत राहावी म्हणून. पण नियम मुलांना ठाऊक असायचं कारण नाही. परिपत्रक वाचून त्यांना तो कुणीतरी सांगितला, आणि काय करायचं तेही सांगितलं.

त्यांनी पिशवीतून टॅब काढला आणि सगळ्या मुलांच्या ध्वनिफिती हजेरीच्या क्रमाने पुन्हा लावल्या. आता त्या चुका ऐकत नव्हत्या. चुकांची जात ऐकत होत्या.

पहिल्या मुलाने फक्त काळ चुकवला होता. बाकी सगळं स्वच्छ. दुसरीने काळ अचूक सांभाळला होता आणि प्रत्येक नामाचं लिंग उलटं केलं होतं. तिसरा फक्त अनेकवचनं बिघडवत होता. चौथीची नुसती शब्दयोगी अव्ययं. पुढे सर्वनामं, पुढे नकार, पुढे प्रश्न.

"अहो, मुलं खरी चुकतात तेव्हा कशी चुकतात ठाऊक आहे?" त्या यजमानांना म्हणाल्या. "सगळीकडे एकदम. सांडलेल्या साखरेसारखी. इथे प्रत्येकाला आपापली एक चूक वाटून दिलेली आहे, ताटं वाढल्यासारखी. आणि तीसुद्धा पाठ्यपुस्तकातल्या धड्यांच्या क्रमाने."

"म्हणजे कोण सापडलं?"

"सापडलं बहुतेक. पण का, ते कळत नाही. त्या माणसाला तर ती बाई डोळ्यांसमोर नको आहे."

सासूबाई आतून येऊन पत्ते पिसू लागल्या. मापाडीबाईंना सरांचा तो निरोप आठवला, ते दोन शब्द. त्यांनी ते स्वतःशी म्हणून पाहिले, आणि त्यात काय वावगं होतं ते त्यांच्या कानात लख्ख वाजलं.

५

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत पूर्णविराम सर एकटेच होते. मापाडीबाई समोर बसल्या आणि त्यांनी परक्या भाषेत बोलायला सुरुवात केली. हवा, रस्त्यावरची गर्दी, वह्यांचे ढीग, असलंच काहीबाही. सर आधी सावधपणे, मग जरा सैल होऊन उत्तरं देत गेले.

मध्येच बाईंनी मायभाषेवर येत विचारलं, "सर, त्या समुद्रकाठच्या गावी तुम्ही कधी राहिलात?"

"मी? मी तो देशच पाहिलेला नाही. मी पुस्तकावर शिकलो."

"पुस्तकात ही पायरी नसते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तुमचा आवाज एक पायरी वर चढतो. या शहरात असं बोलणारी एकच व्यक्ती मला भेटली. खोलीच्या दोन टोकांना बसून हा हेल लागत नाही, सर. रोज समोरासमोर बसावं लागतं, महिनोन्‌महिने."

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"चाचणीच्या आदल्या दिवशी ताईंचा तास तुम्ही घेतलात," बाई म्हणाल्या. "मुख्याध्यापिकांना भाषा येत नाही. ताईंना येते, पण चुकांना नावं देता येत नाहीत. कुणाला काळ द्यायचा, कुणाला लिंग, कुणाला वचन, हे धड्यावार वाटणारा माणूस या शाळेत एकच. साऱ्यांना एकच चूक दिली असती तर नक्कल वाटली असती, म्हणून वेगळी दिलीत ना?"

"अर्थात," सर एकदम म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून थांबले. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ऐकण्याच्या भागात मी त्यांना सांगितलं होतं, थोडी बरोबर येऊ द्या. पण पोरांना तो बैल फार आवडला."

दोघांनाही हसू आलं. सरांचं लवकर मावळलं.

"माझी मुलगी लग्न होऊन त्या देशात गेली. सहा वर्षांची नात आहे. तिला तिथलीच भाषा येते. मी आयुष्यभर ती भाषा शिकवली, म्हणून मी मोठ्या ऐटीत तिच्याशी पहिल्यांदा फोनवर बोलायला बसलो. ती भराभर काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. मी वाक्य जुळवत बसलो. तोवर तिने आईला विचारलं, आजोबांना बोलता येत नाही का? ते मात्र मला कळलं."

सरांनी पेन खिशाला लावला.

"भर बैठकीत जिला पोपट म्हटलं, तिच्याकडे शिकायला जायचं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. पण गेलो. नकाशांच्या खोलीत, मधल्या सुट्टीत. कुणाला कळू नये म्हणून बाहेर आम्ही भांडतच राहिलो. आता नात मला गोष्टी सांगते, बाई. आणि या पोरांचं म्हणाल, तर माझ्या तासाला ती कधी हसली नव्हती. परवा एकाने मला परक्या भाषेत विनोद सांगितला. त्यात चार चुका होत्या आणि मी हसलो. मग तुमचं परिपत्रक वाचलं. मुलं चांगली बोलू लागली की बाई काढून घेणार."

"ताईंना हे ठाऊक आहे?"

"नाही. तिला कळलं असतं तर तिने मला दारात उभं केलं नसतं."

"सर, तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नाही," मापाडीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "शुक्रवारी बैठक आहे. या एका निकालाच्या जोरावर ती सगळी योजनाच बंद होते आहे. तुमच्याच नाही, सगळ्या शाळांतल्या ताई घरी जाणार आहेत."

सरांचा चेहरा उतरला. काटकोनात बसणारा तो माणूस पहिल्यांदाच खुर्चीत खचला. बराच वेळ त्यांनी टेबलावरच्या वह्या उगाच सारख्या केल्या.

"मी येतो," ते शेवटी म्हणाले. "शुक्रवारी. मीच सांगतो."

६

बैठकीत सरांनी उभं राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही रंगवलंही नाही. ऐकता ऐकता संचालकांचे कान लाल झाले.

"मुलांना खोटं वागायला शिकवलंत तुम्ही," ते म्हणाले. "शासनाची चाचणी बुडवलीत. याची शिक्षा काय ते ठाऊक आहे?"

"आहे. ती भोगायलाच आलोय," सर म्हणाले.

बैठकीला बोलावलेली ताई दाराशी बसली होती, ती उठून उभी राहिली. तिला आत्ताच सारं कळत होतं. ती काही बोलणार, तोच मापाडीबाईंनी तिला खुणेने बसवलं आणि स्वतः उठल्या.

"सर चुकले, यात वाद नाही. शिक्षा द्या. पण साहेब, वजन करताना काटाही बघावा लागतो. आपण शाळांना सांगितलं, जिथे मुलं छान बोलतील तिथून बाई काढून घेऊ. आणि मग त्याच शाळांत जाऊन म्हणालो, बोलून दाखवा. आज एका शाळेने हे ढळढळीत केलं, म्हणून आपल्याला दिसलं. बाकीच्या किती शाळांनी थोडं थोडं, बेताबेताने केलं असेल, सांगता येईल? असल्या आकड्यांवर आपण पुढची दहा वर्षं ठरवणार?"

खोलीत जरा चुळबुळ झाली. कोपऱ्यात बसलेला यंत्रवाला अगदी नकळत मान डोलावत होता.

"मग कच्च्या शाळांना शिक्षक आणायचे कुठून?" संचालकांनी विचारलं. प्रश्न खरा होता आणि त्यांनी तो आवाज न चढवता विचारला.

"नवे तयार करून. चांगल्या शाळेतल्या ताईंना तिथेच राहू द्या, आणि महिन्यातले चार दिवस आसपासच्या शिक्षकांनी त्यांच्याकडे बसावं. व्याकरण घट्ट असलेले शिक्षक आपल्याकडे ढिगाने आहेत. त्यांना फक्त तोंड उघडायला लावायचंय. मोठ्या वयात ते जमतं का, म्हणाल, तर जमलेला माणूस इथे उभा आहे."

संचालकांनी सरांकडे पाहिलं. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी परक्या भाषेत सरांना काहीतरी विचारलं. सरांनी उत्तर दिलं. संचालकांनी पुन्हा विचारलं, सरांनी पुन्हा सांगितलं, थोडं लांबवून. तिसऱ्या फेरीला संचालकांचेच शब्द संपले.

निर्णय त्या दिवशी अर्धाच झाला. योजना बंद करायचा ठराव मागे ठेवला, आणि चांगल्या शाळेतून बाई हलवायचा नियमही तूर्त थांबवला. सरांना लेखी समज मिळाली आणि परीक्षेच्या कामातून त्यांना कायमचं काढलं. ते ऐकून त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांचा हेवा वाटला. आणि पुलापलीकडच्या आठवीची चाचणी नव्याने घ्यायची ठरली, नव्या प्रश्नांनिशी.

चाचणीआधी ताई वर्गात गेली. काय बोलली ते मुलांनी कुणाला सांगितलं नाही, पण कुणीतरी रडलं आणि मग सगळे हसले, एवढं बाहेर ऐकू आलं. निकाल चांगला लागला. अव्वल नाही, पण वरच्या शाळांत. मापाडीबाईंनी ध्वनिफिती ऐकल्या. मुलं सगळीकडे चुकत होती, अडखळत होती, शब्द नाही सापडला की वळसा घालून पुढे जात होती. बाईंनी इतक्या आनंदाने चुका कधीच ऐकल्या नव्हत्या. जुळ्यांमध्ये थोरलीला धाकटीपेक्षा जास्त गुण पडले. त्यावरून दोघींचं नवं भांडण सुरू झालं, म्हणजे निदान बोलणं तरी सुरू झालं.

निकाल द्यायला बाई स्वतः शाळेत गेल्या. मधली सुट्टी होती. मुख्याध्यापिका तीन कामांत अडकलेल्या, म्हणून बाई सरांना शोधत नकाशांच्या खोलीपाशी आल्या. दार अर्धवट उघडं होतं. आत गुंडाळलेल्या नकाशांच्या मधोमध सर स्टुलावर बसले होते, फोन पुस्तकाला टेकवून ठेवलेला. पडद्यावर एक चिमुरडी तोंड वासून दाखवत होती.

तिचे दोन दात पडले होते. ते कसे पडले, रक्त किती आलं, शेजारचा मुलगा कसा घाबरला, हे ती एका दमात सांगत होती, आणि 'दात' या शब्दाचं अनेकवचन तिने साफ चुकवलं होतं. त्या भाषेत जन्मलेली मुलंही या वयात ते चुकवतात.

सरांचे ओठ उघडले. मापाडीबाई दाराशीच थांबल्या.

"मग?" सरांनी विचारलं. "आता सफरचंद कसं खाणार तू?"

नातीने जराही विचार न करता सांगायला सुरुवात केली. सर पुढे झुकून ऐकू लागले. बाईंनी दार हलकेच ओढून घेतलं आणि निकाल घेऊन त्या आधी ताईकडे गेल्या.